ठिपक्यांचा पाव

पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात काहीच अवघड वाटत नाही. सुखदेवचं तसंच झालं होतं. माणूस आला, एक ओळ. माणूस गेला, दुसरी ओळ. मधलं सगळं किरकोळ! म्हणून त्या वर्षी, म्हणजे श्याऐंशीच्या मार्चात, त्याच्या बापानं खाटेवर पडल्या पडल्या एक पाव मागितला, तेव्हा सुखदेव छाती काढून म्हणाला, "हात्तिच्या! एका पावाचं काय घेऊन बसला बा? मी करून देतो ना!"

शब्द तोंडातून गेला आणि त्या घराचे पुढचे पाच दिवस मातीत गेले.

बाप म्हणजे भाऊराव. घरात सगळे त्याला बा म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात हाडं आणि हट्ट एवढंच शिल्लक. सौसरच्या डॉक्टरनं तपासून झाल्यावर सुखदेवला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं, "आता जे मागतील ते खाऊ घाला." डॉक्टर हे वाक्य कधी बोलतात, ते मृत्यूच्या टेबलावरच्या माणसाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. परतीच्या गाडीत बा शेजारी पेंगत होता, आणि सुखदेव खिडकीकडे तोंड करून पांढुर्ण्यापर्यंत रडला. स्टँडच्या नळावर तोंड धुतलं आणि घरी जाऊन हसत विचारलं, "बा, काय खावंसं वाटते?"

बानं छपराच्या कवेलूंकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो पाव."

स्वातंत्र्याच्या आधी बा रामाकोन्याकडच्या एका मँगनीजच्या खाणीवर साहेबाच्या बंगल्यात खानसामा होता. साहेब वेल्स नावाच्या मुलखाचा. त्याला इंग्रज म्हटलं की चिडायचा! दर शनिवारी बंगल्यात एक पाव भाजला जायचा. चहात रात्रभर भिजवलेल्या मनुका, मैदा, साखर, एक अंडं, दालचिनी. बारा ब्रिथ त्याचं नाव. तिकडच्या भाषेत ठिपक्यांचा पाव. बानं तो अकरा वर्षं केला. साडेपाचशेच्या वर पाव झाले, आणि त्यातला एक घास त्याच्या पोटात गेला नाही. मेमसाहेब फोडी मोजायची. उरलेला पाव कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला.

"वास साडेपाचशे खेपा घेतला," बा म्हणाला. "चव एकडाव बी नाही. आता जायच्या पह्यले पाहू दे, काय होतं त्याच्यात."

यावर सुखदेव ते 'हात्तिच्या' म्हणाला होता.

त्याची बायको यमुना दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "अवो, तुमाले चहा तरी करता येते का? पाव करतो म्हणे!"

"चहा तू कर. बाकी मी पाहतो," सुखदेव म्हणाला. "मोठा गंज भरून कर, थंडा झाला का त्याच्यात मनुका टाकून ठेव. बावीस वर्षं नोकरी करून राहिलो, एक पाव नाही होणार माह्याच्यानं?"

यमुनेनं बुधवारी संध्याकाळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून चहा केला. पांढुर्ण्यात ज्याला चहा म्हणतात तोच चहा! म्हशीचं दूध, हात सैल सोडून साखर, वरून ठेचलेलं अद्रक. अर्धा किलो मनुका त्यात सोडल्या आणि वर झाकण ठेवलं.

मार्चातला उकाडा दुधाची गय करत नाही. सकाळी झाकण काढलं तेव्हा शेजारचं मांजर ओट्यावरून वाकलं, वास घेतला आणि आल्या पावली परत गेलं. मनुका टम्म फुगून फाटलेल्या दुधात तरंगत होत्या. सुखदेवनं गंज उचलून बासमोर नेला.

"हे काय होय?" बानं विचारलं.

"चहात भिजवलेल्या मनुका."

"चहात दूध कोणं टाकलं?"

"मामाजी," यमुना दारातून सासऱ्याला म्हणाली, "चहात दूध नाही तं मंग काय टाकाव लागते?"

"कोरा! कोरा चहा लागते त्याले!"

यमुनेचा चेहरा पडला. "कोरा चहा तं मयतीच्या घरी ठेवतात. धडधाकट घरात मी नाही ठेवत बापा."

"धडधाकट कोण दिसून राहिलं वो तुले इथं?" बा म्हणाला. "ठेव."

तिनं ठेवला. डोळ्याला पदर लावत ठेवला, आणि पहिल्या खेपेसारखं काही कमी पडू नये म्हणून चांगला दोन गंज ठेवला. त्यातला एक पुढे कसा नडला ते येईलच.

शुक्रवारी सकाळी नव्या आणलेल्या मनुका तुकतुकीत काळ्या झाल्या होत्या. बानं एक बोटानं दाबून पाहिली आणि मान डोलावली. त्याच्या तोंडून निघालेली प्रत्येक सूचना सुखदेवनं नगरपालिकेच्या जुन्या फॉर्मच्या मागे लिहून घेतली. मैदा कालवायचा पण मळायचा नाही. भट्टी तापून उतरली की मग पाव आत. भट्टीत हात घालून वीस आकडे मोजता आले तरच ठेवायचा, पंधरालाच चटका बसला तर थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाजल्यावर कोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळून दोन दिवस तसाच मुरू द्यायचा.

"दोन दिवस?" सुखदेव दचकला. त्याला डॉक्टरचा हळू आवाज आठवला. "आजच कापला तं?"

"आज कापला तं तो पाव नाही, नुसता मैदा होय." बानं डोळे मिटले. "घाबरू नको. रविवारलोक, हे दोन्ही दिवस, मी कोठी जात नाही."

बेकरीवाला गुणवंता तसा मनमिळाऊ माणूस. गावातल्या बाया दिवाळीत नानकटाईचे ट्रे घेऊन येतात, ते तो मुकाट भाजून देतो. पण नगरपालिकेचा बाबू भट्टीत हात घालून मोठ्यानं आकडे मोजतो आहे, हे त्याच्या बेकरीत पहिल्यांदाच होत होतं.

"सोळा, सतरा... आई गं!"

"बाबूजी, माह्या आज्यापासून भट्टी लागून राहिली इथं," गुणवंता म्हणाला. "तुमी मले भट्टी शिकवून राहिले का?"

"मी नाही गा, वेल्सचा साहेब शिकवून राहिला," सुखदेव बोटं चोखत म्हणाला.

पंधरा मिनिटांनी वीस आकडे पुरे झाले. डबलरोटीच्या डब्यात घातलेला ठिपक्यांचा पाव आत गेला. सव्वा तासानं बाहेर आला. विटेएवढा, विटेच्याच रंगाचा, पण काय वास! गुणवंतासुद्धा दोन पावलं पुढे आला. एका हाताला फोड, डोळे धुरानं लालबुंद, केसांत राख, अशा अवतारात सुखदेव तडक रघुनाथरावांच्या कापडाच्या दुकानात शिरला.

"पांढरं कापड पाह्यजे. कोरं."

रघुनाथरावांनी त्याच्याकडे पाहिलं. लाल डोळे पाहिले. केसांतली राख पाहिली. "कोणासाठी?"

"बासाठी."

रघुनाथराव गादीवरून उठले. इतर गिऱ्हाइकांना हातानंच थांबवलं. "किती देऊ?"

"दोन मीटर पुरन. घड्या करून गुंडाळलं का झालं."

रघुनाथराव कपाटाकडे वळले. ठाण काढलं, मीटरपट्टीला हात लावला नाही, कात्रीला हात लावला नाही. अंदाजानं पाच मीटर धरलं, दातानं काठ तोडला आणि टर्रकन फाडलं. "राहू द्या," म्हणाले, "भाऊरावनं जन्मभर लई सोसलं."

"लई!" सुखदेव म्हणाला. "अकरा वर्षं नुसता वास घेतला त्यानं."

आपल्या इकडे मयताचं कापड मापत नाहीत, कात्रीनं कापत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मृत्यूच्या टेबलावरच्या माणसाला तर ते कळायलाच हवं होतं! पण रजिस्टरात कापडाचा रकाना नसतो. सुखदेव मनात म्हणाला, माणसं अजून चांगली आहेत, आणि घराकडे सुटला.

पुढच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीखाली पाट मांडून त्यावर यमुनेनं कापडात गुंडाळलेला पाव ठेवला. पाच मीटर कापडाचे वेढे बसल्यावर त्याचं चांगलं लांबरुंद गाठोडं झालं. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ ओढली. नेहमीची मेणबत्ती लावली. दुपार झाली, बा मधल्या खोलीत माश्यांपायी डोक्यावरून चादर ओढून झोपला. अशा वेळी मोरेश्वर आला.

मोरेश्वर सौसर-बोरगाव गाडीचा कंडक्टर, सुखदेवचा शाळेपासूनचा मित्र. त्याचा चेहराच जन्मतः सुतकी. लग्नातले फोटो पाहून लोक विचारत, कोण गेलं होतं? त्याला सुखदेवनं मुद्दाम निरोपासाठी बोलावलं होतं.

दूध संपलं होतं. यमुनेनं उरलेला कोरा चहा गरम करून त्याच्यापुढे ठेवला. मोरेश्वरनं कपात पाहिलं. समोरच्या पाटाकडे पाहिलं. मधल्या खोलीतल्या पांघरलेल्या चादरीकडे पाहिलं. कप त्यानं तोंडाला लावलाच नाही.

"माह्या बाईले सांगजो," सुखदेव म्हणाला. बाई म्हणजे त्याची थोरली बहीण शकुंतला, बोरगावला दिलेली. "म्हणा, सुखदेवनं बोलावलं. बासाठी. रविवारी सकाळी नऊलोक पोचाच म्हणा, मंग थांबता येणार नाही. अन् येतानी घरचं लोणी आणजो म्हणा."

हे लोणी पावाच्या फोडीला लावायला! मोरेश्वरला वाटलं, चितेला. तो बिचारा कप खाली ठेवून उठला, सुखदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

अशी खबर आपल्यात तोंडानं फोडत नाहीत. सांगणाऱ्यानं दारात उभं राहायचं, टेकायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, 'बोलावलं' एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्यानंही काय झालं म्हणून विचारायचं नसतं. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही! मोरेश्वरनं बोरगावला गाडी थांबवली, शकुंतलाच्या दारात गेला. तिनं पाण्याचा गडवा पुढे केला, त्यानं मान हलवली.

"सुखदेवनं बोलावलं. बासाठी. रविवारी नऊलोक."

गडवा तिच्या हातातून पडला. लोण्याचं मोरेश्वरच्या ध्यानात होतं, पण अशा वेळी बाईमाणसाला लोणी कसं सांगावं? रविवारपर्यंत का ठेवलं असेल, याचाही खुलासा त्यानंच गाडीत सगळ्यांना केला. साहेबाच्या हाताखालचा माणूस, दुरून कोणी यायचं असेल!

रविवार उजाडला. सुखदेवनं बाला अंगणातल्या खाटेवर बसवून दाढी करायला घेतली. बा चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून उन्हात आला होता. एक गाल गुळगुळीत झाला, दुसऱ्यावर साबण होता, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली.

"बा गा! मले सोडून कोठी गेला गा बा!"

शकुंतला! मागे पंचवीस-तीस माणसं. डोक्यावर पदर, खांद्यावर पंचे. आणि त्यांच्या मागे, मोरेश्वरच्या गाडीतून रविवारची खबर लागलेले, हातात झेंडूचा हार घेतलेले रघुनाथराव. शकुंतला पदरात तोंड खुपसून धावत आली, ती खाटेवरच्या बाला ओलांडून सरळ पुढच्या खोलीत गेली. पाट दिसला, मेणबत्ती दिसली, पांढरं कापड दिसलं. तिनं ते गाठोडं उराशी कवटाळलं.

"एवढासा झाला रे माहा बा! काय हाल केले रे तुमी त्याचे!"

"शकुन!" अंगणातून बा ओरडला. "दाबू नको वो! चुरा होईन त्याचा!"

सगळी गल्ली अंगणाकडे वळली. साबणाचा फेस लागलेला बा खाटेवर ताठ बसला होता. शकुंतला गाठोडं घेऊन दारात आली, बाकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

पुढचा अर्धा तास कोण काय बोललं याचा हिशेब लागत नाही. शकुंतला बाच्या गळ्यात पडून मघापेक्षा जास्त रडली. बोरगावचा एक म्हातारा चिडून म्हणाला, "कामाचा खाडा करून आलो न आमी! असं करतात का?" जसा काही बानं शब्द दिला होता! मोरेश्वर ट्रॉलीमागे लपला. रघुनाथराव हार पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभे होते. बाला ते दिसलं.

"आणला हाय तं घाला, रघुनाथराव," तो म्हणाला. "मंग काही मले दिसणार नाही."

रघुनाथरावांनी हार घातला. कोणी हसलं नाही. सुखदेवला मात्र वाटलं, आता भुईनं पोटात घ्यावं. पण बाच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. तो एकेकाकडे पाहत होता, मोजत होता.

"सुखदेवा, लोकं उपाशी आले. घरात काय हाय?"

"काहीच नाही बा."

"पाव हाय ना. सुरी आण. पातळ पात्याची."

"बा, तो तुह्यासाठी..."

"पाहुणे रिकाम्या तोंडानं जातीन का माह्या दारातून?"

बानं हात धुतले. गाठोडं सोडलं. पाव बाहेर आल्याबरोबर दालचिनीचा आणि चहाचा वास अंगणभर झाला. महिनाभर पाण्याचा पेलाही न पेलणारे ते हात सुरी धरल्यावर हलायचे थांबले. एकसारख्या, कागदासारख्या पातळ फोडी पडू लागल्या. प्रत्येक फोड सुरीच्या पात्यावर घेऊन बा स्वतः पुढे करायचा, मान किंचित झुकवून. खानसामा तो खानसामाच! लोक रडून आले होते, भुकेले होते. तळहातावरचा भुगासुद्धा त्यांनी बोटानं टिपून खाल्ला. एकतीस माणसं झाली. बत्तिसावी फोड उरली, ती बानं ताटलीत बाजूला ठेवली.

"हे माही. पाहुणे गेले का खाईन. पाहुण्यायच्या समोर नाही खात."

ती कोणी उचलू नये म्हणून सुखदेवनं ताटली स्वतःच्या हातात धरली. सांभाळायला याहून भरवशाची जागा कोणती? आणि तो पाहुण्यांना वाटेला लावायला गल्लीच्या तोंडाशी गेला. ट्रॉली वळेना. चार जण चार बाजूंनी 'घे, घे, मागं घे' ओरडू लागले, सुखदेवही ओरडू लागला. शकुंतलानं त्याचा दंड धरला, "भाऊ, बाचं खरं सांग, किती दिवस हाय?" तेवढ्यात रघुनाथरावांनी एका बाजूला घेऊन विचारलं की उरलेलं कापड परत घेऊ का, घडी मोडली नसली तर.  सुखदेवचा जीव गोळा झाला होता. चार दिवस धड जेवण नव्हतं. अशा वेळी एका हातात ताटली असली की दुसरा हात आपलं काम करतो.

कडकन आवाज झाला. मनुकेत खडा होता! सुखदेवची मागची दाढ उभी चिरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कळ कानातून मस्तकात गेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. घास कधी गिळला तेही त्याला कळलं नाही. कळलं ते एवढंच की ताटली रिकामी आहे.

तो वळला. बा खाट सोडून, भिंतीला धरत धरत, फाटकापर्यंत आला होता.

बानं ताटली पाहिली. मग सुखदेवचं तोंड पाहिलं. 

"खाल्ला?"

सुखदेवनं मान डोलावली. तोंड उघडायची सोय नव्हती. लाज अशी वाटत होती की त्या ट्रॅक्टरखाली जावं.

"कसा लागला?"

काय सांगणार? चव नावाची गोष्ट त्याच्या जिभेवरून गेलीच नव्हती. होतं ते रक्त आणि खडा. डोळ्यांचं पाणी काही थांबेना.

बा जवळ आला. त्यानं सुखदेवच्या गालाला हात लावला, नेमका त्याच बाजूच्या! सुखदेव कळवळला.

"मेमसाहेब बी अशीच रडे," बा हळूच म्हणाला. "खाता खाता. खिडकीपाशी एकटी बसून. मले वाटे, हिले झालं तरी काय? कोणाले विचारता येत नव्हतं." त्यानं दम घेतला. "म्हणजे जमला होता."

सुखदेव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. उद्या पुन्हा करतो, असं त्याला म्हणायचं होतं.

"नको," बा म्हणाला. "समजलं आता." आणि मुलाच्या खांद्याला धरून, समाधानानं, खाटेकडे परत गेला.

त्यानंतर बा सव्वा महिना होता. येईल त्याला सांगायचा, माह्या पोरानं असा पाव केला का खाणाऱ्याच्या डोळ्याले पाणी आलं. सुखदेव शेजारी बसून लवंग चावायचा. दाढ रात्रंदिवस ठणकायची, गाल सुजायचा, यमुना रोज म्हणायची, "अवो, काढून टाका न ते!" पण दाढ काढली असती तर बानं विचारलं असतं, कशानं मोडली?

एप्रिलच्या शेवटी बा गेला. त्याची ओळ सुखदेवनंच रजिस्टरात लिहिली, आणि दुसऱ्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं दाढ चिमट्यात धरून उजेडात पाहिली आणि विचारलं, "एवढे दिवस काहून थांबले हो तुम्ही?" सुखदेवच्या तोंडात कापूस होता, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.